पडलेल्यांना परत घ्यायचं का? जुन्या मंडळीचे निर्णय आणि आपण

इजिप्तमध्ये सापडलेल्या एका पपायरसवर ७२ वर्षांच्या म्हाताऱ्याचा अर्ज आहे. नाव ऑरेलियस डायोजेनिस, उजव्या भुवईवर व्रण. ओळख पटावी म्हणून व्रणाचीही नोंद केलेली आहे. मजकूर थोडक्यात असा: मी देवांना नेहमीच यज्ञ करत आलो आहे, आताही तुमच्यासमोर हुकमाप्रमाणे यज्ञ केला, पेय अर्पण केलं, अर्पणातलं चाखलं, तसा दाखला मिळावा. तारीख २६ जून २५०. असे चाळीसहून अधिक दाखले आजवर सापडले आहेत. डायोजेनिस ख्रिस्ती होता असं त्यावरून म्हणता येत नाही, कारण यज्ञ करण्याचा हा हुकूम रोमन साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्याच रहिवाशांना होता. सूट फक्त यहुद्यांना होती. पण ख्रिस्ती माणसासाठी हा कागद म्हणजे ख्रिस्ताला नाकारल्याचा लेखी पुरावा होता, आणि पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी तो घेतला.

मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती चर्चचा, इतिहास सांगताना आपण हुतात्म्यांची नावं घेतो. जे टिकले नाहीत त्यांचं पुढे काय झालं, ते क्वचितच सांगितलं जातं. आजच्या विश्वासणाऱ्यांना लागणारं शिक्षण मात्र तिथेच जास्त आहे. एखादा पाळक पापात सापडतो, छळाला भिऊन विश्वास सोडलेला कुणी रडत परत येतो, पैशांच्या गैरव्यवहारावरून मंडळीची दोन शकलं होतात. अशा वेळी चार निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंततात. या माणसाला देवाची क्षमा आहे का? त्याला प्रभुभोजनाला परत घ्यायचं का, आणि कधी? त्याचं पद त्याला परत द्यायचं का? आणि त्याच्या हातून आधी झालेले बाप्तिस्मे व दीक्षा (पाळक नेमण्याचे विधी) खऱ्या मानायच्या का? हे चार धागे सुटे करायला जुन्या मंडळीला दीडशेहून अधिक वर्षं लागली. जिथे ते सुटे झाले नाहीत, तिथे मंडळ्या फुटल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या फुटलेल्याच राहिल्या.

सरसकट माफी, सरसकट बंदी आणि मधली वाट

सम्राट डेसियसचा हा यज्ञाचा हुकूम निघाला तेव्हा मंडळीला बरीच वर्षं मोठा छळ माहीत नव्हता. रोमचा बिशप फेबियन २० जानेवारी २५० रोजी हुतात्मा झाला आणि त्याची जागा वर्षाहून अधिक काळ रिकामी राहिली. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन लपून बसला. तो नंतर लिहितो की अटक व्हायच्या आधीच लोक आपण होऊन चौकात धावले, आणि संध्याकाळ झाली म्हणून अधिकाऱ्यांनी काहींना उद्या या म्हणून परत पाठवलं तर आजच घ्या म्हणून ते विनवू लागले. हे वाचताना अंगावर काटा येतो. पण त्याच लोकांमध्ये दुसरेही होते: छळ सोसून सोसून शेवटी हात टेकलेले, आणि यज्ञ न करता पैसे देऊन नुसता दाखला मिळवलेले.

या सगळ्यांना लॅटिनमध्ये 'लाप्सी', म्हणजे पडलेले, म्हणत. सिप्रियनने आणि त्याच्यासोबतच्या बिशपांनी केलेलं पहिलं शहाणपणाचं काम म्हणजे या एका शब्दाखालची माणसं वेगळी करणं. प्रत्यक्ष यज्ञ केलेले, नुसता धूप जाळलेले आणि नुसता दाखला विकत घेतलेले, अशी वर्गवारी झाली. त्यातही कोण पहिल्याच दिवशी धावत गेला आणि कोण यातना सोसून मोडला, हे पाहिलं गेलं. घरच्यांना वाचवण्यासाठी एकट्यानेच यज्ञ केलेला आणि घरादाराला ओढत नेलेला यांना एकच माप लावायचं नाही, असं सिप्रियनचं म्हणणं होतं.

छळ ओसरू लागला तसे तीन पक्ष उभे राहिले. पहिला पक्ष तुरुंगातल्या विश्वासणाऱ्यांचा. ज्यांनी ख्रिस्तासाठी यातना सोसल्या त्यांच्या शब्दाला मोठा मान होता. पडलेले लोक त्यांच्याकडे जात, ते चिठ्ठी देत, आणि काही दीक्षित (मंडळीचे पाद्री) त्या चिठ्ठीवर लगेच प्रभुभोजन देत. सिप्रियनची तक्रार होती की चिठ्ठ्या रोज हजारोंनी निघत आहेत आणि काहींवर नुसतं 'अमुक आणि त्याची माणसं' एवढंच लिहिलेलं आहे. 'त्याची माणसं' या दोन शब्दांत वीस, तीस, त्याहून जास्त लोक आत येतील. नाव लिहा, ज्याला तुम्ही ओळखता आणि ज्याचा पश्चात्ताप तुम्ही पाहिला आहे त्याचंच लिहा, असं त्याने कळवलं. स्वतः लपलेला असल्यामुळे त्याचा शब्द हलका पडत होता, तरी हा मुद्दा त्याने सोडला नाही.

चिठ्ठीची ही अडचण आजही तशीच आहे. मोठ्या नावाचा प्रचारक, जुनं वजनदार कुटुंब, बाहेरची संस्था यांपैकी कुणीतरी म्हणतं, 'मी याची खात्री देतो, याला परत घ्या.' शिफारस करणाऱ्याची साक्ष कितीही खरी असली, तरी ती पडलेल्या माणसाच्या पश्चात्तापाच्या जागी चालत नाही. शिफारस ऐकावी, पण चौकशी त्या माणसाची व्हावी, आणि निर्णय ज्या मंडळीला त्याची झळ लागली तिच्यासमोर व्हावा.

दुसरा पक्ष नोव्हेशियनचा. तो रोममधला विद्वान दीक्षित होता. २५१ मध्ये कॉर्नेलियस बिशप निवडला गेला तेव्हा नोव्हेशियनने तीन बिशपांकडून स्वतःचा अभिषेक करवून घेतला आणि एका शहरात दोन बिशप झाले. त्याचं म्हणणं कडक होतं: विश्वास नाकारलेल्यांनी आयुष्यभर पश्चात्ताप करावा, देव त्यांना क्षमा करीलही, पण मंडळीने त्यांना परत घेऊ नये. क्षमा आणि सहभागिता (प्रभुभोजनाला परत घेणं) हे दोन प्रश्न त्याने वेगळे ओळखले, हे खरं. पण मग मंडळीच्या हाती फक्त दार लावणं उरलं.

तिसरी वाट २५१ मध्ये कार्थेजला जमलेल्या बिशपांनी धरली. नुसता दाखला घेतलेल्यांना एकेकाची चौकशी करून आत घ्यायचं. यज्ञ केलेल्यांनी दीर्घ पश्चात्ताप करायचा आणि मरणाच्या दारात त्यांना सहभागिता द्यायची. दोनेक वर्षांत नव्या छळाची चाहूल लागली, तेव्हा त्याच बिशपांनी नियम बदलला: जे पश्चात्तापात टिकून आहेत त्या सर्वांना आता आत घ्या. कारण पुढच्या लढाईला ज्यांना उभं करायचं, त्यांना प्रभूच्या भोजनाविना कसं पाठवायचं? आमच्या मते या साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत सुंदर निर्णय आहे. शिस्तीचा हेतू माणूस उभा करण्याचा होता, म्हणून प्रसंग बदलला तशी मुदतही बदलली.

ही मधली वाट प्रत्यक्षात कशी दिसत होती? त्याच काळातली, अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने लिहून ठेवलेली हकिगत पाहा. सेरापियन नावाचा म्हातारा यज्ञ करून बसला होता. तो वारंवार क्षमा मागे, पण कुणी दाद देत नव्हतं. मरणाच्या आधी तीन दिवस त्याची वाचा गेली. चौथ्या दिवशी जरा शुद्धीवर आल्यावर त्याने नातवाला दीक्षिताकडे धाडलं. रात्र होती आणि दीक्षित स्वतः आजारी होता. मरणाऱ्याने मागितलं तर नाकारायचं नाही, असा बिशपाचा हुकूम आधीच होता. दीक्षिताने मुलाच्या हाती प्रभुभोजनाचा लहानसा तुकडा दिला आणि सांगितलं, भिजव आणि आजोबांच्या तोंडात थेंब थेंब सोड. मुलाने तसं केलं. म्हाताऱ्याने थोडं गिळलं आणि प्राण सोडला.

त्या दीक्षिताला अंथरुणातून उठताही येत नव्हतं, आणि बिशपाला विचारायला वेळ नव्हता. तरी निर्णय झाला, कारण नियम संकटाच्या आधी ठरलेला होता आणि खालपर्यंत पोचलेला होता. तुमच्या मंडळीत शिस्तभंगाची आणि पुनःस्थापनेची लेखी पद्धत नसेल, तर ती प्रकरण उभं राहण्याआधी बसवा. प्रकरण आल्यावर लिहिलेला नियम त्या माणसाच्या बाजूचा नाहीतर विरोधातलाच वाटतो.

आत घेणं वेगळं, खुर्ची देणं वेगळं

स्पेनमधल्या बासिलिदेस आणि मार्शियाल या दोन बिशपांनीही छळात दाखले घेतले होते. त्यांना पदावरून दूर करण्यात आलं. बासिलिदेसने रोम गाठलं आणि तिथल्या बिशप स्टीफनला खरी हकिगत न सांगता आपल्या बाजूने वळवलं. स्पेनच्या मंडळ्यांनी कार्थेजकडे विचारणा केली. सिप्रियन आणि त्याच्यासोबतच्या बिशपांचं उत्तर स्पष्ट होतं: या दोघांना पश्चात्ताप करायला मोकळीक आहे, पण बिशप म्हणून ते परत येणार नाहीत, त्यांच्या जागी निवडलेली माणसंच खरी.

हा फरक आज फार कमी मंडळ्या पाळतात. पाळक सापडला की तीन महिन्यांची रजा, एक कबुलीपत्र, अश्रू आणि पुन्हा व्यासपीठ. कुणी हरकत घेतली तर त्याला विचारतात, 'तुम्ही क्षमा करत नाही का?' क्षमा हा पहिला प्रश्न आहे आणि पद हा तिसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' असूनही तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असू शकतं, आणि त्यात प्रीतीची काही कमतरता नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. तिसऱ्या शतकातले पडलेले लोक बहुतेक दहशतीखाली पडले होते. स्त्रियांवर, मुलांवर हात टाकणारा किंवा मंडळीचा पैसा खाणारा पुढारी त्या रांगेत बसत नाही. त्याने दुसऱ्याला पाडलं आहे. तिथे आधी ज्याला इजा झाली त्याला सुरक्षित करायचं, मग कायद्याने जिथे कळवायला हवं तिथे कळवायचं, आणि मंडळीची शिस्त त्यानंतर. सेरापियनची गोष्ट अशा माणसाला वाचवायला वापरणं म्हणजे इतिहासाचा गैरवापर आहे.

मुदतींबद्दल थोडं. ३२५ च्या नायसिया परिषदेने, सम्राट लिसिनियसच्या काळात जिवाला किंवा मालमत्तेला धोका नसताना पडलेल्यांसाठी ११ व्या नियमात १२ वर्षं ठरवली: तीन वर्षं श्रोत्यांमध्ये, सात वर्षं दंडवत घालणाऱ्यांमध्ये, दोन वर्षं सर्वांबरोबर प्रार्थनेत पण प्रभुभोजनाशिवाय. ऐकून ही मुदत भयंकर वाटते. पण लगेच पुढचा नियम सांगतो की बिशपाने पश्चात्तापाची फळं पाहावीत. ज्याचे अश्रू, धीर आणि सत्कर्म दिसतात त्याला लवकर सवलत द्यावी, आणि ज्याने हे सगळं हलकं घेऊन नुसती हजेरी भरली त्याने पूर्ण मुदत भरावी. आणि मरणाऱ्याला कुणीच नाकारायचं नाही. मुदत कमाल होती, मोजमाप पश्चात्तापाचं होतं.

सिर्ताचा पंचनामा

दुसरा मोठा घाव ३०३ मध्ये बसला. सम्राट डायोक्लेशियनच्या हुकमाने प्रार्थनामंदिरं पाडायची आणि पवित्र शास्त्राची पुस्तकं जाळायची होती. १९ मे ३०३ रोजी उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता शहरात (आजचं अल्जीरियातलं कॉन्स्टंटिन) सरकारी अधिकारी मंडळीच्या घरी आले. त्या झडतीचा कागद वाचायला मिळतो: सोन्याचे दोन प्याले, चांदीचे सहा प्याले, चांदीचे सात दिवे, साखळीचे अकरा पितळी दिवे, आणि पुढे बायकांचे ८२ अंगरखे, पुरुषांचे १६, बायकांच्या पादत्राणांचे ४७ जोड, पुरुषांचे १३. दिवे-प्याल्यांपेक्षा कपडे आणि चपलाच अधिक. एवढे कपडे उपासनेला लागत नाहीत. ते गोरगरिबांना वाटण्यासाठीच ठेवलेले असणार. साधारण पन्नास वर्षांपूर्वी रोमच्या कॉर्नेलियसने एका पत्रात लिहिलं होतं की त्याची मंडळी १५०० हून अधिक विधवांना आणि गरजूंना पोसते. सिर्ताच्या यादीत तीच सेवा लहान शहरात दिसते.

मग अधिकारी वाचकांच्या, म्हणजे उपासनेत शास्त्र वाचून दाखवणाऱ्यांच्या, घरोघर गेले. एकाने चार पुस्तकं दिली, एकाने पाच, एकाने आठ. कोदेओच्या बायकोने सहा आणून दिली. अशी पुस्तकं हवाली करणाऱ्यांना पुढे 'त्रादितोरेस' म्हटलं गेलं, म्हणजे हवाली करणारे. आणि याच कागदात सिल्व्हानस नावाचा उपडीकन (मंडळीचा कनिष्ठ सेवक) आहे, जो चांदीची पेटी आणि चांदीचा दिवा काढून देतो.

३११ च्या सुमारास कार्थेजला सिसिलियन बिशप झाला. विरोधकांनी म्हटलं, त्याला अभिषेक करणारा आप्तुंगाचा फेलिक्स त्रादितोर आहे, म्हणून अभिषेक खोटा. शेजारच्या नुमिदिया प्रांतातल्या सत्तरेक बिशपांनी त्याच्याऐवजी मायोरिनसला बिशप नेमलं. त्याच्यानंतर डोनाटस आला आणि पक्षाला त्याचं नाव पडलं. चौकशीत फेलिक्स निर्दोष ठरला. त्याच्याविरुद्धच्या पत्रात बनावट भर घातलेली निघाली. आणि ३२० मध्ये राज्यपाल झेनोफिलसपुढे सिर्ताचा तो जुना पंचनामा वाचला गेला. सिल्व्हानस तोवर डोनाटस पक्षाचा बिशप झाला होता आणि मायोरिनसला नेमणाऱ्यांत होता. शुद्धतेसाठी वेगळ्या झालेल्या मंडळीच्या मुळाशीच एक त्रादितोर निघाला.

यावरून डोनाटसच्या लोकांना दांभिक म्हणण्याची घाई करू नये. त्यांच्यातल्या हजारो साध्या माणसांना खरोखर पवित्र मंडळी हवी होती. चूक त्यांच्या विचाराच्या पायातच होती: पुढाऱ्याच्या शुद्धतेवर विधीची सत्यता टेकवली, की आपला बाप्तिस्मा खरा की खोटा हे आपल्याला कधीच कळणार नाही. देणाऱ्याचं मन कोण पाहणार? आणि त्याला दीक्षा देणाऱ्याचं? पुढे उत्तर आफ्रिकेतलाच बिशप ऑगस्टीन याने यावर योहान १:३३ पुढे ठेवलं: बाप्तिस्मा करणारा ख्रिस्त आहे. सेवक वाईट असेल तर न्याय त्याच्यावर येईल, पण दान ख्रिस्ताचं आहे. इथे ऑगस्टीनला आपल्याच सिप्रियनच्या विरुद्ध जावं लागलं, कारण फुटीरांचा बाप्तिस्मा खरा नाही असं २५६ मध्ये ८७ बिशपांसह सिप्रियननेच म्हटलं होतं. डोनाटसचे लोक सिप्रियनचंच नाव घेत. मोठा माणूस तीन प्रश्नांत बरोबर असून चौथ्यात चुकू शकतो.

पाळक पापात सापडला आणि 'मग माझा बाप्तिस्मा?' म्हणून कुणी घाबरून विचारलं, तर हे उत्तर द्यायचं. तोच धागा उलटा ओढून 'विधी खरे आहेत ना, मग पाळकही राहू द्या' असं म्हणू नये. बासिलिदेस आठवा.

जिथे ऑगस्टीनही चुकला

फूट मिटवायला सत्तेची मदत घेतली गेली, आणि दर वेळी जखम खोल झाली. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३१७ पासून बळ वापरलं आणि ३२१ मध्ये ते सोडून दिलं. ३४७ मध्ये सम्राटाचे दूत पॉल आणि मकारियस पैसे घेऊन आले. पाठोपाठ सैनिक आले, रक्त सांडलं, आणि डोनाटस पक्षाला नवे हुतात्मे मिळाले. ऑगस्टीन सुरुवातीला म्हणत असे की सक्तीने नुसती ढोंगी माणसं आत येतील. ४०८ च्या सुमारास विन्सेंशियसला लिहिलेल्या पत्रात तो मत बदलल्याचं कबूल करतो: आपल्या शहरातले लोक भीतीने आले आणि नंतर मनापासून राहिले, हे पाहून. त्याने लूक १४:२३ मधल्या मेजवानीच्या गोष्टीतल्या 'लोकांना आत यायला भाग पाड' या वाक्याचा आधार घेतला. त्याचा हेतू मायेचा होता, मृत्युदंडाला त्याचा विरोध होता. पण पुढची हजार वर्षं त्याचेच शब्द घेऊन सक्ती केली गेली. आज सत्ता हाती नसलेल्या मंडळीतही सक्तीचे प्रकार असतात: कुटुंबाला वाळीत टाकणं, लग्न अडवणं, दफनाला जागा नाकारणं. असे लोक परत येतात तेव्हा मान खाली घालून येतात, मन बाहेरच राहतं.

सक्तीच्या जोडीला त्याच काळात एक फार चांगला प्रस्तावही पुढे आला होता, आणि दुभंगलेली मंडळी जोडू पाहणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. जून ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप सम्राटाचा अधिकारी मार्सेलिनस याच्यापुढे जमले. आधीच ऑगस्टीनच्या बाजूने लिहून दिलं: आम्ही हरलो तर आमची पदं सोडू. आम्ही जिंकलो आणि तुम्ही एकत्र आलात, तर तुमचे बिशप बिशपच राहतील. एका शहरात दोघांनी आळीपाळीने मुख्य आसनावर बसावं, दुसऱ्याने शेजारी पाहुण्या बिशपासारखं बसावं. आणि लोकांना दोन बिशप चालणार नसतील, तर दोघांनीही बाजूला व्हावं आणि नवा एकच निवडावा. जवळजवळ तीनशे बिशपांनी स्वतःची खुर्ची अशी पणाला लावली.

निकाल डोनाटस पक्षाविरुद्ध गेला. तो प्रस्ताव मनापासून स्वीकारायला वेळ मिळण्याआधीच जानेवारी ४१२ चा कायदा आला: परत न येणाऱ्या सर्वांत वरच्या दर्जाच्या माणसाला पन्नास पौंड सोन्याचा दंड, साध्या नागरिकाला पाच पौंड. जवळपास दोनशे वर्षांनंतर, रोमचा बिशप ग्रेगरी याच्या पत्रांतही आफ्रिकेतल्या डोनाटस पक्षाचा उल्लेख येतोच.